सरस्वतीचं वाहन आणि आईचा गुडघा

आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीपाशी एक राजहंस उभा असतो. दोन वर्षं झाली, तो मला ओळखत नाही. म्हणजे ओळखतो, पण मान्य करत नाही. सकाळी कंपनीची बस गाठायला मी खाली उतरले की तो मान जमिनीलगत लांब करतो, फुस्स करतो आणि थेट माझ्या पोटऱ्यांकडे बघतो. कुत्रं निदान तोंडाकडे बघून भुंकतं. हा पोटऱ्याच बघतो. मी डब्याची पिशवी पुढे धरून भिंतीला घासत, आडवी आडवी, फाटकापर्यंत जाते आणि उरलेला रस्ता पळते.

हे सांगायला मला कमीपणा वाटतो, म्हणून दुसरी बाजूही सांगते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला ब्रेकचे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी क्वालिटीत आहे. माझ्या सहीशिवाय तिथून एक पेटी ट्रकवर चढत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणाच्या सहीवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. लातूरकडच्या आमच्या गावात अजूनही कुणी कुणाला पत्ता सांगताना 'इंजिनीअर पोरीचं घर' म्हणतं, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. तर अशी ही इंजिनीअर पोरगी अण्णा नगरच्या एका मागच्या गल्लीत रोज सकाळी एका पक्ष्यापुढून पळते.

राजहंस घरमालक आजोबांचा. आजोबा तंजावरच्या मराठी घरातले, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, एकटेच खाली राहतात. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी गोंधळले होते. क्रियापदं जुन्या पोथीतली, सूर पूर्ण तमिळ, आणि मधेच 'अय्यो' नाही तर 'सरि'. दारातली सायकल चोरीला गेली तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, कुत्र्यापेक्षा वात्तु बरा. तमिळमध्ये बदकही वात्तु आणि राजहंसही वात्तुच. त्यांनी बाजारातून जोडी आणली. नर पांढराशुभ्र, कपाळावर नारिंगी टेंगूळ, चाल एखाद्या निवृत्त फौजदाराची. मादी शांत. तेव्हापासून चोर आले नाहीत. कुरिअरवालेही येत नाहीत.

गेल्या डिसेंबरात मी आईला आणलं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, उजवा फारच. आयुष्यभर शाळेच्या खिचडीच्या चुलीपुढे उकिडवी बसलेली बाई. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेजारणींनी तेल दिलं, आणि आई म्हणाली, आता चालतंय तेवढं चालतंय. मी म्हटलं, चालत नाहीये म्हणून तर बोलतेय. कंपनीच्या विम्यात तिचं नाव घालून घेतलं होतं. हॉस्पिटल घरापासून जवळ. एक्स-रे झाला, रक्त झालं, ऑपरेशनची तारीख मिळाली. आईने सगळीकडे मान हलवली. मला वाटलं, जमलं.

पण आईचं लक्ष लागलं ते राजहंसाकडे. तिने पहिल्याच दिवशी, रिक्षातून उतरता उतरता, त्याला पाहिलं आणि फाटकातच हात जोडले.

"आगं, हे तर देवीचं वाहन हाय की!"

"आई, तो चावतो."

"देवीचं वाहन कशाला चावतंय?"

आजोबा खुर्चीतून उठले. "अय्यो, हंस कोठला अम्मा? हा वात्तु. चावत नाहीं, चिमटा काढतो."

आईने दोघांचंही ऐकलं नाही. तिच्या शाळेत, खिचडीच्या खोलीबाहेर, सरस्वतीची एक तसबीर होती. काच तडकलेली, पण हंस पूर्ण. डाळ-तांदूळ शिजेपर्यंत मी त्या तसबिरीखाली बसून गृहपाठ करायचे. आईने तेव्हाच नवस बोलून ठेवला होता, हे मला चेन्नईत कळलं: पोरगी कॉलेज शिकली तर हंसाला मोती चारीन. हंस मोती खातो असं तिने कीर्तनात ऐकलेलं. मी शिकले, पण आमच्याकडे हंस कुठला? आणि मोती तरी कुठला? मोत्याचं आईने केव्हाच ठरवून टाकलं होतं. भिजवलेला साबुदाणा. दिसायला तसाच, आणि देवाला उपासाचं चालतं.

"हे तू मला आजवर सांगितलं नाहीस?"

"तू हसली असतीस."

हसले असतेच.

दोनच दिवसांनी, मी आंघोळ करत असताना, ती गुपचूप खाली उतरली. गुपचूप म्हणजे, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आडवी. हे सगळं हातात ताट घेऊन कसं केलं ते तिलाच माहीत. ताटात हळद, कुंकू, निरांजन आणि वाटीत साबुदाणा. मी ऐकली ती फक्त किंकाळी, त्यावर फुत्कार, त्यावर ताट पडल्याचा आवाज. मी ओल्या केसांनी दाराशी आले तर आई वर येत होती. कठडा न धरता. एका पायरीवर एकच पाय टाकत. डॉक्टरांनी चालून दाखवा म्हटलं होतं तेव्हा जिला पाच पावलं जड गेली होती, ती बाई पळत जिना चढली आणि पलंगावर आदळली.

चिमटा उजव्या गुडघ्याच्या जरा वर बसला होता. लुगडं जाड म्हणून कातडी फाटली नाही, नुसती लाल झाली. खाली कुंकू सांडलेलं आणि आजोबा वाकून वाकून म्हणत होते, "क्षमा करावी अम्मा, मादी अंड्यांवर बैसली आहे, म्हणून त्याचें डोकें ठिकाणावर नाहीं."

आई छातीवर हात ठेवून धापा टाकत होती. मग हळूच म्हणाली, "बघितलंस? नेमका तोच गुडघा. देवीच्या मनात नाही. मला गावाकडं जायचंय. तिकीट काढ."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आई, एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात कर, आणि एक पक्षी म्हणतो करू नको, तर आपण पक्ष्याचं ऐकायचं? ती म्हणाली, पक्षी नाही तो. मी म्हटलं, कुंकू लावायला तू त्याच्या अंड्यांजवळ गेलीस, कुणीही चावेल, मीही चावले असते. ती म्हणाली, तुला शिकवून माझंच चुकलं. मी म्हटलं, बरं. आणि मी डबा न घेता कामावर गेले.

त्या दिवशी मी एका चांगल्या पेटीवर नापासाची लाल चिठ्ठी लावली आणि नंतर स्वतःच काढली. जेवणाच्या सुट्टीत बसवेना, म्हणून कँटीनमागच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. तिथून तळं दिसतं. इकडे त्याला एरी म्हणतात. कारखाने व्हायच्या आधीचं आहे, अजून टिकून आहे, आणि हिवाळ्यात त्यावर पक्ष्यांची जत्रा असते. मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. कळायला लागलं ते अशाच बसवत नसलेल्या सुट्ट्यांत. मोबाइलवर नावं शोधायची आणि कुंपणातून बघायचं. पाण्यावर उतरणारा पेलिकन बघितला की मला नेहमी बरं वाटतं. इतकं जड, इतकं बेढब काही आकाशातून इतक्या सफाईने खाली येताना मी दुसरं पाहिलेलं नाही. माझ्या खात्यात त्याचं ड्रॉइंग आलं असतं तर मी ते नापास केलं असतं. चोच नको तेवढी लांब, खाली झोळी, पाय आखूड. तरी तो उडतो, आणि चांगला उडतो.

मी ठरवलं, रविवारी आईला इथे आणायचं. तिकिटाचं विचारत होती तर म्हटलं, बघते, मिळत नाहीये. मी शोधलंच नव्हतं.

रविवारी गाडी केली. आई सगळ्या वाटभर गप्प. निघताना तिने आपली पिशवी भरून पलंगावर ठेवली होती, मला दिसेल अशी. बांधावर मी तिला घडीची खुर्ची टाकून दिली. थंडी नव्हती, चेन्नईत असते कुठे, पण ऊन मऊ होतं. मलाच स्थिर उभं राहता येत नव्हतं. मी इकडून तिकडे फिरत, बोटाने दाखवत, बसमधल्या कंडक्टरसारखी नावं पुकारत होते.

"तो बघ पेलिकन. आपल्याकडे झोळीवाला म्हणतात."

"बाजाराची पिशवी घेऊन आलाय जसा काही." आई पहिल्यांदा बोलली.

"आणि ती बदकं. तपकिरी. चोचीचं टोक पिवळं आणि वर कपाळाशी लाल, दिसतंय? त्याचं मराठी नावच हळदीकुंकू."

आई पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. "बघ, ह्याला देवानं आयतंच लावून दिलंय. आणि त्या मेल्याला मी लावायला गेले तर..."

ती हसेल असं वाटलं, पण हसली नाही. पलीकडे चिखलात चित्रबलाक उभे होते, उंच, पंखाखाली गुलाबी, एकेका पायावर. त्यातला एक पाय बदलायचा, मग परत तोच.

"त्याचाबी गुडघा धरलाय वाटतं."

"तो गुडघा नाही आई, तो घोटा. पक्ष्यांचा गुडघा वर असतो, पिसांत, दिसत नाही."

"बरंय त्याचं," आई म्हणाली. "कुणाला दाखवायची गरज नाही."

मग ती बोलायला लागली. तळ्याकडेच बघत, माझ्याकडे नाही.

"देवीचं काय, देवी समजून घेती. मला भ्या वेगळंच वाटतंय. ते झोपवतेत म्हणे. जाग आल्यावर आठ दिवस उठता येत नाही. मग माझं सगळं कोण करणार? परसाकडचं? तूच ना? दिवसभर कंपनीत सह्या करायच्या आणि घरी येऊन माझं भांडं धुवायचं? तुला त्यासाठी शिकवलं का मी? लेकीला असलं करायला लावायचं, त्यापेक्षा लंगडी बरी मी."

नर्स ठेवता येते, हे मला माहीत होतं, पण ती ते विचारत नव्हती. ती लाजत होती. एवढी चार गावांत तोंडाळ म्हणून नावाजलेली बाई. मी पायाने खडा उडवला तो पाण्यात पडला आणि हळदीकुंकवांचा थवा क्वॅक करत उठला. आई म्हणाली, "कशाला त्यांना उठवतीस? बसलेत गुमान." एक झोळीवाला मात्र हलला नाही. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, पाण्यावर पाय आपटत, धापा टाकत असल्यासारखा, लांबच्या लांब पळाला आणि एकदाचा वर उचलला गेला. आईने तो दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघितलं. परतीच्या वाटेवर गाडीत माझा गुडघा सारखा हलत होता. आईने त्यावर हात ठेवून तो थांबवला. मी परत हलवला.

घरी आलो तर आजोबा रबरी पाइप घेऊन अंगण धूत होते. हे त्यांचं दिवसातून दोन-तीनदा चालतं, कारण राजहंस दर थोड्या वेळाने, चालता चालता, उभ्या उभ्या, कुणी बघत असो वा नसो, हिरवं हिरवं घालत असतात. पायऱ्यांवर, चपलांवर, फाटकात. रोज सकाळी माझी अर्धी कसरत चावण्यापासून वाचायची असते आणि अर्धी यातून पाय वाचवायची. नर नेहमीसारखा पायरीपाशी उभा होता. आईकडे बघून फुत्कारला, आणि फुत्कारता फुत्कारताच मागून एक ढीग घातला. चेहरा तोच. फौजदाराचा.

आई थबकली. "अगं बाई. सरस्वतीचं वाहन इतकं घाण करतंय?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, दोन वर्षं मी रोज या दोघांचं ओलांडून नोकरीला जातेय. तुझ्या एका भांड्याने मला काय होणार आहे?"

आजोबांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. मग आई हसायला लागली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. कठड्याला धरून, डोळे पुसत, खोकत हसली. "मेली," म्हणाली, "मेली, कुणासंग माझी बरोबरी करायलीस!" आजोबांना किती समजलं माहीत नाही, पण तेही हसले. नर गोंधळून दोन पावलं मागे सरकला. त्याला कुणी मागे सरकवलेलं मी प्रथमच बघत होते.

हसून झाल्यावर आईने जिन्याखाली डोकावून बघितलं. तिथे जुन्या वॉशिंग मशीनच्या खोक्यात, गवतावर, मादी बसली होती. हलत नव्हती. डोळे अर्धे मिटलेले.

"किती दिवसांत निघतेत पिल्लं?"

"महिना लागतो म्हणतात," आजोबा म्हणाले. "मागल्या वेळीं घुशीनें अंडीं नेलीं. एकही नाहीं वाचलें."

"तर काय नेणार नाही घूस! खोकं जमिनीवर ठेवलंय. खाली चार विटा घाला. कोंबड्यांसंग जन्म गेला माझा." आई तिथेच, पायरीवर, हळूच टेकली. नर तिच्याकडे बघत होता, पण पोटऱ्यांकडे नाही. तिने पदरात हात घातला. सकाळचा भिजवलेला साबुदाणा एका पिशवीत अजून होता, बहुतेक तळ्यावरच्या पक्ष्यांसाठी आणलेला आणि विसरलेला. तिने मूठभर दूर टाकला. नराने मान वाकडी केली, एक दाणा उचलला, विचार केला, मग सगळे.

"खाल्ले," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "मोती खाल्ले त्यानं."

वर आल्यावर तिने पलंगावरची पिशवी उचलली आणि उलटी केली. लुगडी परत घडी करून कपाटात ठेवायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"काय बघायलीस? पिल्लं निघेपर्यंत राहते मी. नाहीतरी घूस येऊन जाईल आणि ह्या म्हाताऱ्याला कळायचं नाही. तोपर्यंत करून टाका काय करायचंय ते गुडघ्याचं."

मी इतकी भांडले होते. अहवाल दाखवले होते, डॉक्टरांचं बोलणं मराठीत करून सांगितलं होतं, दोन रात्री झोपले नव्हते. आणि माझं सगळं शिक्षण एका बाजूला ठेवून ती एका खोक्यासाठी थांबली. मला राग यायला हवा होता. मी आत जाऊन कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्यावर डोकं टेकून उभी राहिले.

ऑपरेशन झालं. भांडं मी धुतलं. पहिल्यांदा तिने तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "राजहंसापेक्षा बरं आहे का?" मी म्हटलं, रंग तरी बरा आहे. आम्ही दोघी एवढ्या हसलो की नर्स आत डोकावली.

पिल्लं निघाली तेव्हा आई हॉस्पिटलातच होती. आजोबांनी फोन केला, मी स्पीकरवर टाकला. "अम्मा, आलीं! दोन आलीं. आणखी एक अंडें फुटतें आहे." आईने फोन ठेवायच्या आधीच नर्सला खूण केली: मला उठव, मला चालायचंय. घरी आलो त्या दिवशी ती वॉकरवर, नवीन गुडघ्याने, एकेक पाऊल टाकत फाटकातून आत आली. नर मान लांब करून धावला आणि त्याने वॉकरच्या पायाचा चावा घेतला. अॅल्युमिनियम लागल्यावर त्याचा जो चेहरा झाला तो मला पुढे बरेच दिवस पुरला.

"चाव," आई म्हणाली. "चाव आणखी."

कुंकू तिने पुन्हा त्याला लावायचा प्रयत्न केला नाही. खालच्या पायरीला लावलं, आणि नवस फिटला म्हणून सांगितलं.

आता ती कठड्याला एकच हात लावून उतरते. सकाळ-संध्याकाळ खाली बसते, पिवळट पिल्लं तिच्या पायांभोवती फिरतात, नर बाजूला उभा राहतो आणि तिला काही करत नाही. आजोबा आणि ती तासन्‌तास बोलतात. एक लातूरची मराठी, एक तंजावरची, आणि दोघांनाही समोरचं निम्मं कळत नाही याची पर्वा नाही. आणि काल जेवताना ती म्हणाली, गुडघा आता बरा आहे, पिल्लंही मोठी झाली, तर तिकिटाचं बघ.

मी बघते म्हटलं. अजून बघितलेलं नाही. रात्री दोनदा तिकिटाचं पान उघडलं आणि बंद केलं. तिला चालतं करायला मी इतकी धडपडले आणि आता ती चालायला लागली तर चालत घरीच निघालीय. यात चूक कुणाचीच नाही, पण माझा पाय पुन्हा टेबलाखाली हलायला लागलाय.

आज सकाळी डब्याची पिशवी पुढे धरून मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होते. खाली आई बसलेली, मांडीत साबुदाण्याची वाटी. तिच्याशेजारी तो. मान लांब, नजर माझ्या पोटऱ्यांवर.

"आगं ये की," आई म्हणाली. "काही करत नाही तो."

रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. मी एक पायरी उतरले. तो फुस्स झाला. मी थांबले.